जागची न हलणारी धूळ

भिंग बदलता येणारा डिजिटल कॅमेरा ज्यांनी काही महिने वापरला आहे त्यांना एक अनुभव हमखास येतो. निरभ्र आकाशाचे छायाचित्र काढावे, तर निळ्या पार्श्वभूमीवर एक करडा, पुसट ठिपका दिसतो. दूरचा पक्षी म्हणावा, तर पुढच्या चित्रातही तो नेमका त्याच जागी असतो. भिंग पुसले तरी जात नाही, भिंग बदलले तरी जात नाही. हा ठिपका म्हणजे कॅमेऱ्याच्या आत, प्रतिमा टिपणाऱ्या संवेदकावर (याला आता सर्रास सेन्सर म्हणतात) बसलेल्या धुळीच्या एका कणाची सावली असते.

फिल्मच्या कॅमेऱ्यात असा डाग चित्रामागून चित्रात येत नसे. तो आता का येतो आणि त्याचे काय करायचे, हे पाहू लागलो की आपण दीडशे वर्षे मागे जातो आणि वाटेत छायाचित्रकारांपेक्षा खगोलशास्त्रज्ञच अधिक भेटतात. कारण उघड आहे. छायाचित्रकाराला ठिपका म्हणजे डाग; खगोलशास्त्रज्ञाला मात्र तो ठिपकाच हवा असतो, कारण तारा छायाचित्रात ठिपका म्हणूनच उमटतो. खरा ठिपका कोणता आणि धुळीचा कोणता, हे ओळखण्यावर त्याचे सगळे काम अवलंबून असते.

फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि छायाचित्रे काचेवर घेतली जाऊ लागली. काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे लागे, आणि ओल्या चिकट थरावर धूळ किती आनंदाने बसत असेल हे सांगायला नको. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या थराची कल्पना मांडली आणि काम पुष्कळ सोपे झाले. धूळ मात्र राहिलीच. स्टुडिओतले जुने कारागीर डागाच्या रंगावरून धूळ कुठे बसली होती ते सांगत. चित्र घेताना काचेवर कण असेल, तर त्याच्याखाली प्रकाश पोचत नाही, तेथे चांदी उमटत नाही, निगेटिव्हवर पारदर्शक छिद्र राहते आणि कागदावर काळा ठिपका येतो. कण जर कागदावर छापताना निगेटिव्हवर बसला असेल, तर ठिपका पांढरा येतो. पांढरा ठिपका बारीक कुंचल्याने रंग भरून झाकता येतो. काळा खरवडून काढावा लागतो. म्हणून कारागिरांना काळ्याचा राग अधिक.

ताऱ्यांच्या छायाचित्रांत कुंचला चालवायची सोय नव्हती. १८८७ च्या एप्रिल महिन्यात पॅरिसमध्ये खगोलशास्त्रज्ञांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि संपूर्ण आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करायचा असे ठरले. ‘कार्त द्यु सिएल’ म्हणजे आकाशाचा नकाशा, या नावाने हा प्रकल्प ओळखला जातो. आकाशाचे पट्टे निरनिराळ्या देशांतील वेधशाळांना वाटून देण्यात आले. त्यातील तारासूचीच्या कामात पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही भाग घेतला. हा प्रकल्प इतका लांबला की पूर्ण नकाशा कधीच झाला नाही. पण त्यातील एक युक्ती आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे.

अंधुक ताऱ्याचा ठिपका आणि धुळीच्या किंवा रसायनाच्या दोषाचा ठिपका सूक्ष्मदर्शकाखालीही सारखाच दिसू शकतो. मग ओळखायचे कसे? नकाशाच्या काचांवर एकच चित्र न घेता तीन घेतली जात, आणि दर वेळी दुर्बीण अगदी थोडी सरकवली जाई. परिणामी प्रत्येक ताऱ्याच्या जागी तीन ठिपक्यांचा इवलासा त्रिकोण उमटे. या काचांवर आकाशातील एक कला (अंशाचा साठावा भाग) एक मिलिमीटरमध्ये मावत असे आणि त्रिकोणाची बाजू सुमारे १० विकलांची असे, म्हणजे काचेवर जेमतेम मिलिमीटरचा सहावा भाग. त्रिकोण दिसला तर तारा, एकटा ठिपका दिसला तर दोष. दुर्बीण हलवली की तारे हलतात. काचेवरची धूळ जागची हलत नाही. धूळ ओळखण्याची जी जी पद्धत पुढे निघाली तिच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

हीच कसोटी १९३० मध्ये अमेरिकेतील लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ यांच्या कामी आली, फक्त उलट्या बाजूने. त्यांना ताऱ्यांमधून सरकणारा एक ठिपका हवा होता. २३ आणि २९ जानेवारीच्या काचा आळीपाळीने डोळ्यासमोर आणताना १८ फेब्रुवारीला त्यांना तो दिसला. पण एका काचेवर एका जागी दोष आणि दुसऱ्या काचेवर थोड्या अंतरावर दुसरा दोष, असे घडले तर? तेव्हा तोही सरकल्यासारखाच दिसेल. म्हणून त्यांनी २१ जानेवारीची तिसरी काच काढली आणि हिशेबाने जेथे असायला हवा तेथे ठिपका आहे का ते पाहिले. तो होता. प्लूटोचा शोध जाहीर झाला तो ही खात्री झाल्यावर. (प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढले, ती गोष्ट वेगळी.)

इकडे घरगुती छायाचित्रणात जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये गुंडाळीचा कॅमेरा आणला आणि पुढच्याच वर्षी पारदर्शक फिल्म विकायला काढली. त्यामुळे धुळीचा प्रश्न नकळत सौम्य झाला. गुंडाळीत प्रत्येक चित्रासाठी नवा, कोरा तुकडा पुढे येतो. एखादा कण बसलाच तर तो त्या एका चित्राचे नुकसान करतो आणि फिल्मबरोबर पुढे निघून जातो. वाळूचा खडा कॅमेऱ्याच्या पाठीत अडकला, तर मात्र सगळ्या गुंडाळीवर लांबलचक चरा पडे. पण एकूण पाहता फिल्मचा कॅमेरा आपली धूळ आपणच बाहेर नेत होता, आणि शंभर वर्षे हे कोणाच्या फारसे लक्षातही आले नाही.

ऑक्टोबर १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. या कामासाठी त्यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर लक्षावधी चौकोनी घरे आखलेली असतात. घरावर प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन साठतात, आणि मग एका घरातला साठा शेजारच्या घरात ओतत ओतत काठापर्यंत आणून मोजला जातो. अंगणात ओळीने भांडी मांडून पावसाचे पाणी मोजावे तसे. छायाचित्रणाची काच शंभरातले एखाददुसरे प्रकाशकण टिपत असे. चांगली सीसीडी त्यातले बहुतेक सगळे टिपते. साहजिकच खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर तुटून पडले. १९७६ मध्ये जेम्स जेनसिक आणि ब्रॅडफर्ड स्मिथ यांनी ऍरिझोनातील बिगेलो पर्वतावरच्या ६१ इंची दुर्बिणीला सीसीडी लावून गुरू, शनी आणि युरेनस यांची चित्रे घेतली. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मोठ्या वेधशाळांमधून काचा मागे पडत गेल्या.

पण सीसीडी ही एकच कायमची ‘फिल्म’ आहे. आज बसलेला कण उद्याच्या आणि परवाच्या चित्रातही असणार.

या कणाची सावली कशी पडते ते नीट पाहू, कारण ग्रहणे शिकवताना आपण जी प्रच्छाया आणि उपच्छाया शिकवतो तीच येथे आहे. कण सिलिकॉनवर प्रत्यक्ष बसत नाही. त्याच्यापुढे काचेची गाळणी किंवा खिडकी असते, तिच्यावर बसतो. भिंगाकडून प्रकाश शंकूच्या आकारात येतो. कण आणि सिलिकॉन यांच्यातील अंतराला भिंगाच्या एफ-क्रमांकाने भागले की सावली साधारण किती पसरेल ते कळते. कॅमेऱ्याच्या संवेदकापुढची काच दीड मिलिमीटर जाडीची धरू. काचेत प्रकाश वाकतो म्हणून ती हवेतील सुमारे एक मिलिमीटर अंतराइतकी ठरते. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे, समजा एफ/२.८ असेल, तर पसारा १ भागिले २.८, म्हणजे सुमारे ०.३६ मिलिमीटर. यात ०.०५ मिलिमीटरचा कण या शंकूचा फक्त दोन टक्के भाग अडवतो. डोळ्याला काहीच कळत नाही. आता छिद्र एफ/२२ इतके बारीक करा. पसारा ०.०४५ मिलिमीटर, म्हणजे कणाहूनही लहान. कण मधोमध सगळा प्रकाश अडवतो आणि काळा ठिपका उमटतो. धूळ तेवढीच, कॅमेरा तोच. म्हणूनच तळपत्या उन्हात छिद्र बारीक करून निसर्गचित्रे घेणारा धुळीच्या नावाने बोटे मोडतो, आणि लग्नसमारंभात छिद्र उघडे ठेवून काम करणाऱ्याला आपला संवेदक किती मळला आहे याची कल्पनाही नसते.

वर्गात हे दाखवायला कॅमेरा लागत नाही. ट्यूबलाइटखाली टेबलावर पेन्सिल ट्यूबला आडवी धरा. टेबलालगत असताना सावली रेखीव पडते. जशी पेन्सिल वर न्याल तशी ती पसरट होत नाहीशी होते. आता ट्यूबच्या जागी विजेरीचा छोटा दिवा लावून पाहा. पेन्सिल वर नेली तरी सावली टिकून राहते. मोठा प्रकाशस्रोत म्हणजे उघडे छिद्र, लहान स्रोत म्हणजे बारीक छिद्र.

मघाचे दोन टक्के डोळ्याला कळत नाहीत, पण मोजणाऱ्याला कळतात आणि छळतात. आपल्या सूर्यासमोरून गुरू जाताना दूरवरून कोणी पाहिले, तर सूर्याचा प्रकाश सुमारे एक टक्काच कमी झालेला दिसेल. म्हणजे वेध घेत असताना तारा सरकत सरकत धुळीच्या अशा सावलीत शिरला, तर त्याला ग्रह असल्याचा आभास होऊ शकतो. धुळीच्या एका कणापायी कोणी परग्रह शोधून बसू नये, हे पाहणे भाग होते.

त्यावरचा उपाय सोपा आणि सुंदर आहे. सगळीकडे सारख्या उजेडाच्या पृष्ठभागाचे, उदाहरणार्थ संधिप्रकाशातील आकाशाचे, एक चित्र घ्यायचे. याला फ्लॅट फील्ड म्हणतात. आपण त्याला सपाट चित्र म्हणू. आकाश सपाट आहे, तेव्हा या चित्रात जे उंचसखल दिसेल ते सगळे उपकरणाचे: धुळीच्या सावल्या, भिंगाच्या कडेचा अंधार, घराघरांतील संवेदनक्षमतेचा फरक. मग ताऱ्यांच्या चित्राला या चित्राने घरागणिक भागायचे. येथे विद्यार्थी बहुधा वजाबाकी सुचवतात, आणि ती का चालत नाही हे त्यांच्याकडूनच काढून घेण्यासारखे आहे. कण वीस टक्के प्रकाश अडवतो असे समजा. १००० एकक तेजाच्या ताऱ्याचे २०० जातील आणि १०० एकक तेजाच्या ताऱ्याचे २०. धूळ ठराविक प्रकाश खात नाही, ठराविक हिस्सा खाते. ८०० ला ०.८ ने भागले की १००० परत मिळतात, ८० ला भागले की १००.

दुर्बिणीच्या सपाट चित्रांत धुळीच्या सावल्या ठिपक्यांसारख्या नसून वड्यासारख्या दिसतात, मधे भोक असलेल्या. दुर्बिणीचा दुय्यम आरसा प्रकाशाच्या शंकूचा मधला भाग अडवतो, म्हणून शंकू पोकळ असतो आणि सावलीही. या वड्यांवरून धुळीचा पत्ताही लागतो. एफ/१० च्या दुर्बिणीत कडी एक मिलिमीटर व्यासाची असेल तर कण सिलिकॉनपासून १० मिलिमीटरवर, बहुधा खिडकीवर; चार मिलिमीटरची असेल तर ४० मिलिमीटरवर, बहुधा रंगीत गाळणीवर. पुण्याच्या उत्तरेला गिरवली येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या आयुकाच्या २ मीटर दुर्बिणीवर घेतलेल्या वेधांवरही हेच संस्कार करावे लागतात. संधिप्रकाश योग्य प्रमाणात असतो तो काही मिनिटेच. तेवढ्यात प्रत्येक रंगाच्या गाळणीतून सपाट चित्रे घेण्यासाठी संशोधकांची जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते.

या भागाकाराला एक अट आहे. सपाट चित्र आणि ताऱ्यांचे चित्र यांच्या दरम्यान धूळ हलता कामा नये. धूळ असली तरी चालेल, पण जागची हलू नये. खगोलशास्त्रज्ञ संवेदकापुढची काच उगाच पुसत बसत नाहीत ते यामुळेच.

बाजारातील छायाचित्रकार मात्र भागाकार करायला तयार नव्हता. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत केलेला पहिला डिजिटल कॅमेरा आणि नंतरचे छोटे खिशातले कॅमेरे यांची भिंगे जागच्या जागी बसवलेली होती, त्यामुळे धुळीला वाट फारशी नव्हती. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या एफ-३ कॅमेऱ्यावर डिजिटल संवेदक चढवला, १९९९ मध्ये निकॉनने डी-१ आणला, आणि भिंगे बदलता येणारे डिजिटल कॅमेरे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून फिरू लागले. भिंग काढले की कॅमेऱ्याचे तोंड उघडे. शिवाय आतला आरसा आणि पडदा झिजून स्वतःची भुकटीही तयार करतात. कॅमेऱ्यातील प्रतिमा उलटी असते हे आपण जाणतोच. त्यामुळे चित्रात वर, नेमका आकाशात दिसणारा डाग संवेदकाच्या खालच्या भागावर असतो. पुसायला जाणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

हे कण फुंकून का जात नाहीत? छताच्या पंख्याकडे पाहा. पाती दिवसभर गरगर फिरतात आणि तरी त्यांवर धुळीचा थर असतो. पृष्ठभागाला अगदी लागून असलेली हवा पृष्ठभागाबरोबरच राहते आणि बारीक कण त्या निवांत थरात बुडालेले असतात. दुसरे असे की कणाला धरून ठेवणारे रेणूंमधील आकर्षण, ज्याला वान डर वाल्स बल म्हणतात, ते कणाच्या व्यासाच्या प्रमाणात असते, तर वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. कण दहापट लहान झाला की पकड दहापट घटते, वजन हजारपट. म्हणजे वजनाच्या तुलनेत पकड शंभरपट वाढली. उभ्या फळ्यावर खडूची भुकटी टिकते आणि खडूचा तुकडा टिकत नाही तो याच हिशेबाने.

कण झटकायचा तर त्याच्या वजनाच्या हजारो पट जोर लागणार. ऑलिंपस कंपनीने २००३ मध्ये ई-१ या कॅमेऱ्यात तो लावून दाखवला. संवेदकापुढे एक पातळ पारदर्शक पडदा बसवला आणि विजेच्या साहाय्याने तो कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारितेने थरथरवला. आकडे घालून पाहू. सेकंदाला ३०,००० कंपने आणि प्रत्येक कंपनाचा आयाम फक्त एक मायक्रोमीटर धरला, तरी सरल आवर्त गतीच्या सूत्राने त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ३६०० पट येते. अकरावीच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर द्यावे. झटकलेली धूळ खाली चिकट पट्टीवर पडते. कंपनीने या पडद्याच्या नावात ‘सुपरसॉनिक’ शब्द वापरला; आज आपण तो ध्वनीपेक्षा वेगवान विमानांसाठी राखून ठेवतो. पण श्राव्यातीत ध्वनीला जुन्या पुस्तकांत तोच शब्द असे, तेव्हा फार नाक मुरडायला नको. २००६ पर्यंत कॅनन, सोनी आणि पेंटॅक्स यांनीही आपापल्या परीने संवेदक किंवा त्यापुढची काच हलवायला सुरुवात केली.

याच काळात काही कंपन्यांनी पांढऱ्या कागदाचे चित्र घेऊन धुळीच्या जागा टिपून ठेवायची आणि मग संगणकावर तेथील डाग काढायची सोय दिली. दिसायला हे आपले सपाट चित्रच, पण त्यातील काही पद्धतींत भागाकार नसतो. डागाच्या जागी आजूबाजूचा रंग भरला जातो. स्टुडिओतल्या कारागिराचा कुंचलाच तो. लग्नाच्या चित्रापुरते ठीक आहे, मोजमापाला त्याचा उपयोग नाही. हौशी आकाशनिरीक्षकांची तर वेगळीच पंचाईत होते. त्यांच्या हाती छायाचित्रकाराचा कॅमेरा आणि डोक्यात खगोलशास्त्रज्ञाचा भागाकार. कॅमेरा चालू-बंद केला की तो आपण होऊन संवेदक थरथरवतो, एखादा कण सरकतो आणि सपाट चित्र निकामी होते. मग भागाकाराने जुन्या जागी एक पांढरा डाग उमटतो आणि नव्या जागी काळा राहतो. म्हणून असे लोक रात्रीपुरती ही सफाई मुद्दाम बंद ठेवतात.

धुळीच्या या स्थिरपणाचा आणखी एक उपयोग न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील संशोधकांनी दाखवला. ए. एमीर दिरिक, हुसरेव्ह ताहा सेंजार आणि नासिर मेमन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एखादे छायाचित्र कोणत्या कॅमेऱ्याने काढले हे धुळीच्या डागांवरून ठरवायची पद्धत मांडली. एकाच बनावटीचे दोन कॅमेरे कारखान्यातून सारखे निघाले तरी त्यांच्यावर धूळ सारख्या जागी बसत नाही. डागांच्या जागांचा आराखडा जुळला तर कॅमेरा तोच. एखादे चित्र पुरावा म्हणून पुढे येते तेव्हा हा प्रश्न कळीचा ठरू शकतो. संवेदक पुसला की कॅमेऱ्यावरची ही खूण जाते, ही या पद्धतीची मर्यादा. पण आधी काढलेल्या चित्रांतील डाग तसेच राहतात, आणि संशयित चित्र त्याच सुमारास त्या कॅमेऱ्याने घेतलेल्या इतर चित्रांशी ताडून पाहता येते.